पान एकशे तेरा

“पान एकशे बारा,” असं म्हणून फलाटबाईंनी ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, उलटलं आणि त्या थांबल्या.

काचेच्या पलीकडे रेकॉर्डिंग करणारा माणूस बसला होता. त्याला सगळे ‘काचेमागचा’ म्हणत. वाचल्या जाणाऱ्या शब्दांशी त्याला काही देणंघेणं नसे. त्याच्यासमोरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ नाचत असायची आणि ती आडवी झाली की याला जाग यायची.

“काय झालं बाई? पाणी हवंय?”

“नको.”

“मग घ्या की पुढे. जेवायच्या आत हे प्रकरण उरकून टाकू.”

समोरच्या पानावर ‘प्रकरण अकरावे’ असं छापलं होतं आणि त्याखाली जाड अक्षरात ‘मुलं मरतात तेव्हा’. बाईंनी तेवढंच वाचलं, तेही मनातल्या मनात. पुढची एक ओळ वाचली नाही. पुढचं प्रकरण कुठे सुरू होतं ते शोधलं, मधली सगळी पानं चिमटीत धरून उलटली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “पान एकशे एकतीस. प्रकरण बारावे.”

हिरवी रेघ पुन्हा नाचायला लागली.

हे अंधांसाठीचं ग्रंथालय होतं. इथे माणसं पुस्तकं मोठ्याने वाचत, ते वाचन छोट्या कार्डावर भरलं जाई आणि ज्याला हवं तो कार्ड घरी नेऊन ऐके. वाचणाऱ्याला नियम एकच होता. प्रत्येक पान सुरू करताना त्याचा आकडा म्हणायचा. ऐकणाऱ्याला एखादी जागा पुन्हा शोधायची असली तर आकड्याशिवाय त्याच्या हाताशी दुसरी खूण नसते. बाईंना अख्खं प्रकरण गाळणं जमलं, पण एकशे एकतिसाव्या पानाला एकशे तेरा म्हणणं काही जमलं नाही. ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलणं पाप. चोरी करायची आणि निघताना दारावर आपलं नाव लिहून ठेवायचं, यातलाच हा प्रकार. पण बाईंच्या ते ध्यानीमनीही आलं नाही. त्या दिवशी त्या हलक्या मनाने घरी गेल्या.

फलाटबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बसस्थानकावर त्या उद्घोषक होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं लेकरू चुकलं, हे त्यांच्या आवाजात उभ्या गावाने तीस वर्षं ऐकलं होतं. फलाटावर माणूस असो नसो, गाडी सुटायच्या आधी तीनदा पुकारा करायचा, हा तिथला शिरस्ता. बाकीचे रिकामा फलाट बघून टाळाटाळ करायचे. बाईंनी कधी केली नाही. निवृत्त झाल्यावर एवढा आवाज घरात बसून नवऱ्यावर खर्च करण्यापेक्षा त्या इथे येऊ लागल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी धर्मग्रंथ वाचायला घेतला. आठ महिने लागले. सकाळी प्रार्थनाघरात जाऊन यायच्या, चहाचा घोट घ्यायच्या आणि काचेसमोर बसायच्या.

तो ग्रंथ सगळ्यात जास्त कोणी ऐकला असेल तर ऑपरेटरने. रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसणारा हा माणूस, लहानपणीच दृष्टी गेलेला. फोनवर पलीकडच्याने नुसता श्वास घेतला तरी हा त्याला ओळखत असे. प्रार्थनाघरात बाईंच्या पुढच्याच बाकावर बसे. ग्रंथाचं कार्ड त्याच्या उशाशी असायचं. “ताई, देव माझ्याशी तुमच्या आवाजात बोलतो,” असं तो एकदा म्हणाला होता. बाईंना ते ऐकून इतकं बरं वाटलं होतं की पुढे आठवडाभर त्या नवऱ्याशी नीट वागल्या.

मग दोन वर्षांपूर्वी त्याची नऊ वर्षांची मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली. त्याच रुग्णालयात, तो खाली बोर्डावर बसलेला असताना. प्रार्थनाघरातली सगळी माणसं भेटायला गेली. काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं, आणि सुचत नसताना माणसं जे बोलतात ते सगळे बोलले. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “देवाला गोड मुलं लवकर हवीशी वाटतात, भाऊ.” त्याची बायको उठून आत निघून गेली.

आणि आता हे पुस्तक. मुलांच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या एका डॉक्टरने लिहिलेलं, देवाला जाब विचारणारं. प्रार्थनाघरात त्याच्याबद्दल सगळ्यांनी ऐकलं होतं आणि वाचलं कोणीच नव्हतं, त्यामुळे चर्चा जोरात चालायची. शेवटी मोठ्या गुरुजींनी सभेत सांगून टाकलं, “ज्यांची श्रद्धा पक्की आहे त्यांना असली पुस्तकं वाचायची गरज नाही. ज्यांची कच्ची आहे त्यांनी तर हातही लावू नये.” म्हणजे कोणीच वाचू नये. पण ते त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की सभेला आपलं केवढं कौतुक झालं असंच वाटलं.

ऑपरेटर त्या सभेला होता. चौथ्या दिवशी तो ग्रंथालयात आला आणि त्याने तेच पुस्तक मागितलं. वाचणाऱ्यांपैकी एकाचा घसा लगेच बसला, दुसरीच्या घरी पाहुणे आले. ऑपरेटर म्हणाला, “मला दुसरं कोणी नकोच. ताईंनी वाचावं.”

“मीच का?” बाईंनी विचारलं.

“भीती वाटते हो, ताई. आमच्या बोर्डावर दोन डॉक्टर या पुस्तकाबद्दल बोलत होते, ते कानावर पडलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ऐकायचं तर आहे, पण परक्या आवाजात ऐकवणार नाही. तुम्ही वाचलंत तर धीर राहील.”

यावर नाही कसं म्हणणार? बाई हो म्हणाल्या. दहा प्रकरणं त्यांनी नाक मुरडत का होईना, शब्द न् शब्द वाचली. अकराव्याशी त्यांचं धैर्य संपलं.

त्या संध्याकाळी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. नवरा बसचा ड्रायव्हर, तोही निवृत्त. देवाच्या भानगडीत मी पडत नाही आणि तोही माझ्या पडत नाही, असं त्याचं धोरण होतं. बायकोला प्रार्थनाघरात सोडायचा आणि बाहेर पेपर वाचत बसायचा.

“म्हणजे तू पानं खाल्लीस,” तो म्हणाला.

“खाल्ली काय? गाळली. त्या माणसाच्या जिवाला लागलं असतं.”

“त्याने मागितलं होतं ना?”

“मागेल. लेकरू काहीही मागतं, म्हणून द्यायचं का?”

“अगं, बाप्या माणूस आहे तो. तुझ्यापेक्षा जास्त सोसलंय त्याने.” त्याने पेपरची घडी घातली. “आणि तुझा देव एवढा नाजूक कधीपासून झाला?”

“तुम्हाला कळायचं नाही ते.”

“मला नाहीच कळत. पण पाटी एका गावाची लावायची आणि गाडी दुसऱ्याच रस्त्याने न्यायची, असं मी नोकरीत कधी केलं नाही बाई.”

बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यालाही विशेष अडलं नाही.

कार्ड घेऊन गेलेला ऑपरेटर परत आला तो दुपारी, काचेमागचा जेवायला गेलेला असताना. त्याने पांढरी काठी टेबलाला टेकवून ठेवली, खुर्ची चाचपली आणि तो बसला.

“ताई, एक विचारायचं होतं. एकशे बारानंतर एकशे एकतीस आलं.”

“हो.”

“मी दोनदा मागे जाऊन ऐकलं. म्हटलं यंत्राने उडी मारली असेल.”

यंत्रावर ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं! यंत्र काही भांडायला येणार नव्हतं. पण पुन्हा तेच. खोटं कसं बोलायचं?

“यंत्राने नाही. मी मारली.”

“पानं फाटली होती का?”

“नाही. भाऊ, तुमच्यासाठीच केलं मी. त्यात ते... तुम्हाला सोसवलं नसतं.”

“तुम्ही वाचलंत?”

“नाही. नुसतं नाव वाचलं प्रकरणाचं.”

तो थोडा हसला. “तेच नाव ते दोघे डॉक्टर घेत होते. मी सगळं पुस्तक त्या एका प्रकरणासाठी मागितलं होतं, ताई. आधीची दहा मी रांगेत उभं राहिल्यासारखी ऐकली.”

“मला काय माहीत?”

“विचारायचं होतंत. मला सोसणार नाही असं त्यात काय असणार होतं? वरून वॉर्डाचा फोन आला तो मी घेतला. ‘सहा नंबरची मुलगी जातेय, सरांना लावा लवकर.’ सहा नंबर माझी कोण, ते त्या नर्सला ठाऊक नव्हतं. मी सरांच्या घरी लाइन जोडून दिली. याहून वाईट काय छापलं असेल हो?”

बाईंनी टेबलावरचं पुस्तक उगाच सरळ केलं.

“तुमचं बरं असतं,” तो सावकाश म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना परवडलं असतं. “तुम्हाला नको वाटलं तर तुम्ही पुस्तक मिटता. गुरुजी म्हणाले वाचू नका, तरी तुम्ही दुकानात उभं राहून चार पानं चाळू शकता. माझं पुस्तक दुसरंच कोणीतरी मिटतं आणि मला सांगतही नाही. मला ते वाचून देव सोडायचा होता असं वाटलं का तुम्हाला? मला फक्त ऐकायचं होतं, की माझ्यासारखा राग दुसऱ्या कुणाला आलाय का. प्रार्थनाघरात तर कुणालाच आलेला नाही.”

“मी उद्या वाचून देते. सगळं. एक अक्षर सोडणार नाही.”

“ते राहू दे.” त्याने पिशवीतून कार्डाची एक डबी काढली, पुन्हा हात घालून दुसरी काढली. ही जुनी होती, कोपरे झिजलेली. “हेही जमा करून घ्या.”

ती ग्रंथाची डबी होती.

“हे कशाला? हे तर तुमच्या उशाशी असतं.”

“यातलं काय काय गाळलंत?”

बाई उठून उभ्याच राहिल्या. “भाऊ! देवाशपथ, एक अक्षर नाही!”

“कुठल्या देवाची शपथ? मला तो तुम्ही वाचून दाखवलात तेवढाच माहीत आहे.”

“अहो, पानांचे आकडे बघा. सगळे सलग आहेत.”

“आहेत. काल सुट्टी होती, दिवसभर तेच तपासत बसलो. आकडे नीट आहेत. पण एका पानावर ओळी किती असतात? त्यातल्या चार सोडल्या तर मला कुठून कळणार? ग्रंथातसुद्धा एखादा बाप देवावर ओरडला असेल. तुम्ही म्हणाला असाल, नको, भाऊंना सोसवणार नाही.”

ग्रंथात खरोखरच तशी जागा होती. मुलगा गमावलेला एक म्हातारा दीड पान देवाशी भांडतो. बाईंनी ती गाळली नव्हती. पण कशी वाचली होती तेही त्यांना आठवत होतं. गाडी सुटायला आली की शेवटचा पुकारा घाईघाईने उरकतात, तशी.

“आहे ती जागा,” त्या म्हणाल्या. “मी वाचली आहे.”

“मला आठवत नाही,” ऑपरेटर म्हणाला. काठी घेऊन तो उठला. दारापर्यंत पोचवायला बाई पुढे झाल्या, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. ती वाट त्याला पाठ होती.

तो प्रार्थनाघरात यायचा बंद झाला. पुढच्या बाकावरची त्याची जागा रिकामी दिसू लागली आणि कारण शोधायला कोणाला फार लांब जावं लागलं नाही. त्याने ते पुस्तक नेलं होतं, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. मोठ्या गुरुजींनी सभेत त्याचा दाखलाच दिला. नाव घेतलं नाही, एवढा मोठेपणा दाखवला. “आपल्यातलाच एक बंधू. इतक्या वर्षांची श्रद्धा. एक पुस्तक वाचलं आणि गेली. मी सांगत होतो ना?” सभा हळहळली. आपण वाचलो, असा एक निःश्वासही त्या हळहळीत होता.

बाई उठल्या. तीस वर्षं उभ्या गावाला ऐकू जाईल असं बोललेली बाई, पण तेव्हा समोर माईक होता, माणसं नव्हती.

“गुरुजी, त्यांनी ते वाचलंच नाही. मुख्य प्रकरण मी गाळलं होतं. ते पुस्तकामुळे नाही गेले. माझ्यामुळे गेले.”

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले आणि मग ते अतिशय प्रेमाने म्हणाले, “बघा. दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेणारी माणसं अजून आपल्यात आहेत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या काकूंनी बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. आणि सभा सुटल्यावर गुरुजी त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, गाळलंत ते उत्तमच केलंत. खरं तर बाकीचंही गाळायला हवं होतं.”

बाहेर नवरा पेपर वाचत उभा होता. बाईंचा चेहरा बघून त्याने पेपर काखेत मारला आणि तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्या काचेसमोर जाऊन बसल्या. “पान एकशे तेरा,” त्या म्हणाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते प्रकरण वाचलं. देव त्यात पहिल्या दोन पानांपुरताच होता. डॉक्टरने त्याला जाब विचारला होता, उत्तर आलं नव्हतं, मग त्याने त्याचा नाद सोडून मुलांबद्दल लिहिलं होतं. कोण मुलगा शेवटी काय मागत होता. कोणत्या बापाने नुसतं एवढंच म्हटलं होतं, की काय काय झालं ते मला सगळं सांगा, काही लपवू नका, आणि डॉक्टरने त्याच्याजवळ बसून सगळं कसं सांगितलं होतं. बाईंना धडकी भरेल असं त्यात काहीच नव्हतं. ऑपरेटरने त्या दुपारी खुर्चीत बसून जे म्हटलं होतं, तेच इथे जरा सावरून लिहिलेलं होतं.

एकशे पंचविसाव्या पानावर मात्र त्या अडखळल्या.

‘देवाला गोड मुलं लवकर हवीशी वाटतात, असं आईबापांना सांगणाऱ्या माणसाला मी वॉर्डाबाहेर काढतो. तो कितीही मायेने आलेला असो.’

हिरवी रेघ आडवी झाली. काचेमागच्याने मान वर केली, बाईंकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्याने जेवणाच्या सुट्टीचं नाव काढलं नाही.

“पाणी आणू, बाई?”

बाईंनी मान हलवली. ज्याला वाचवायला म्हणून त्यांनी हे प्रकरण मिटलं होतं, त्याला यातलं एकही वाक्य बोचलं नसतं. बोचायचं ते सगळं त्यांच्यासाठी होतं. पदराने तोंड पुसून त्यांनी ते वाक्य पुन्हा, सावकाश वाचलं आणि मग एकशे तीसपर्यंत न थांबता वाचत गेल्या.

कार्ड तयार झालं. ऑपरेटरला निरोप गेला, दोनदा गेला. ते कार्ड आणि ग्रंथाची झिजलेली डबी, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी राहिली. न्यायला कोणी आलं नाही.

रविवारी दुपारी बाईंनी घरून रुग्णालयाचा नंबर लावला. रविवारी बोर्डावर तोच असतो हे त्यांना ठाऊक होतं.

“नमस्कार, रुग्णालय. कोणाशी बोलायचंय?”

बाईंनी नुसता श्वास घेतला.

“बोला, ताई,” तो म्हणाला.

“भाऊ, कार्ड नेलं नाहीत तुम्ही.”

“नाही नेलं.”

“मी इथून वाचते. पुस्तक आणलंय मी घरी. पाहिजे तर कुणाला तरी शेजारी बसवा, त्याच्या हातात दुसरी प्रत देते. ओळ न् ओळ ताडून बघू दे त्याला.”

“कुणाला बसवू?” त्याने विचारलं. “जो ताडून बघेल त्यालाही डोळेच असणार ना?”

पलीकडे कुठेतरी स्ट्रेचरची चाकं कुरकुरत गेली.

“ताई, दुसरी लाइन वाजतेय. थांबा.”

खट्ट झालं आणि रुग्णालयाची ती ठरावीक धून सुरू झाली. किनरी, एकाच जागी गोल फिरणारी. बाई फोन कानाला लावून बसल्या. धून संपली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा संपली.

“ठेव आता,” नवरा म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो त्यांच्याशी क्वचितच बोले. “तो काही परत येत नाही.”

“थांबा म्हणालाय तो.”

“अगं, तिकडे कोणी ऐकत नाहीये.”

बाईंनी चष्मा लावला. पुस्तक मांडीवर घेतलं, उघडलं, तळव्याने दाबून सपाट केलं.

“पान एकशे तेरा,” बाई त्या धुनीतच म्हणाल्या. “प्रकरण अकरावे. मुलं मरतात तेव्हा.”

नवऱ्याने उठून खिडकी लावून घेतली, म्हणजे रस्त्याचा आवाज आत येणार नाही. बाई वाचत राहिल्या. घाई न करता, एकेक शब्द सुटा करत. पान संपलं तेव्हाही धून वाजतच होती. त्यांनी ते उलटलं आणि पुढचा आकडा स्पष्ट सांगितला.